पामचा शेंडा का कुजतो? रोग ओळखायचा कसा आणि झाड वाचवायचं कसं

पेण-रोह्याकडच्या बंगल्यांमध्ये आणि फार्महाऊसमध्ये एक गोष्ट बहुतेकदा गणपतीच्या सुटीत लक्षात येते. मुंबई-पुण्याहून घरची मंडळी येतात आणि गेटपासून दारापर्यंत लावलेल्या पामच्या रांगेतलं एखादं झाड जरा वेगळं दिसतं. बाजूच्या झावळ्या हिरव्यागार असतात, पण मधली नवी सुरळी तपकिरी पडून एका बाजूला कललेली असते. कुणीतरी ती सहज ओढतं आणि ती मुळासकट हातात येते. तिच्या खालच्या टोकाला चिकट, तपकिरी लगदा असतो आणि वास असा की माणूस दोन पावलं मागं सरकतो.

माळी म्हणतो, पाणी जास्त झालं. नर्सरीवाला म्हणतो, खत कमी पडलं. व्हॉट्सअ‍ॅपवर कुणी सांगतं, बाविस्टिन टाका. तिघंही आपापल्या परीने मदतच करत असतात, पण पामच्या बाबतीत चुकीचं औषध म्हणजे नुसता पैशांचा अपव्यय नसतो. त्यात जे पंधरा दिवस जातात, तेवढ्यात झाड हातचं जातं.

पामला दुसरा शेंडा नसतो

आंब्याची फांदी मोडली तर खालून चार फुटवे येतात. जास्वंद जमिनीपासून वीतभर ठेवून छाटली तरी पुन्हा वर येते. पामचं तसं नाही. रॉयल पाम, फॉक्सटेल, बॉटल पाम, नारळ, पोफळ ही सगळी एकाच खोडाची झाडं. त्यांची वाढ होते ती झावळ्यांच्या मधोमध, आत खोल दडलेल्या एका पांढऱ्या, मऊ गाभ्यातून. प्रत्येक नवं पान त्या एकाच ठिकाणी तयार होतं. तो गाभा मेला की झाड मेलं. ते मेल्याचं दिसायला मात्र काही महिने लागतात, कारण आधी तयार झालेल्या झावळ्या आपलं आयुष्य पुरं करेपर्यंत हिरव्याच राहतात. म्हणूनच ‘बाकी पानं तर चांगली आहेत की’ हे वाक्य पामच्या बाबतीत सर्वांत फसवं आहे.

अरेका पाम आणि रॅफिस यांना थोडी सूट आहे. ही झाडं बेटासारखी फुटतात, अनेक खोडं एकत्र असतात. त्यातला एक कोंब गेला तरी बाकीचे तगू शकतात. शेंडा कुजलेलं खोड तळाशी कापून बाहेर काढलं की बेट बहुधा वाचतं.

दुसरी अडचण खोडाची. आंबा किंवा फणसाच्या सालीवर जखम झाली तर काही वर्षांत कडेने नवी साल येऊन ती भरते. पाम हा गवताच्या, बांबूच्या जातकुळीतला. त्याच्या खोडात जखम भरून काढणारा थरच नसतो. खिळा ठोकलेलं भोक, चढण्यासाठी पाडलेली खाच, ग्रास कटरने बुंध्याला लागलेला ओरखडा, हे सगळं झाड असेपर्यंत तसंच राहतं आणि कुजवणाऱ्या बुरशीला तेवढं दार पुरतं. दिवाळीत किंवा लग्नाच्या मांडवासाठी पामला लायटिंग करायची तर माळा दोरीने बांधाव्यात. खिळे ठोकणं अगदी टाळावं.

पेण आणि रोह्यातच एवढं का कुजतं?

दोन्ही तालुक्यांत पावसाळ्यात साधारण तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच. जुलै-ऑगस्टमध्ये सलग आठ-दहा दिवस ऊन दिसत नाही, तापमान पंचविशीच्या आसपास खाली येतं आणि पामच्या झावळ्यांच्या बेचक्यांत सतत पाणी साचून राहतं. शेंडा कुजवणाऱ्या जंतूला याहून चांगली हवा मागूनही मिळणार नाही.

त्यात जमिनीची भर पडते. इथले बरेच प्लॉट मूळचे भाताची खाचरं आहेत. भात लावताना पाणी टिकावं म्हणून वर्षानुवर्षं चिखलणी करून खालचा थर घट्ट केलेला असतो. त्यावर दोन-तीन फूट मुरूम किंवा भराव टाकून बंगला आणि बाग उभी राहते. वरून जमीन कोरडी दिसते, पण खड्डा खणून पाम लावला की तो खड्डा म्हणजे खाली भोक नसलेली कुंडी ठरतो. पावसाळाभर मुळं पाण्यात उभी राहतात. खाडीकडच्या खारपट्ट्यात याशिवाय खारेपणाचा प्रश्न असतो. मात्र खाऱ्या पाण्याने पानांची टोकं करपतात, शेंडा सडत नाही. या दोन गोष्टींची गल्लत करू नये.

तिसरं कारण वाऱ्याचं. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं. श्रीवर्धन, मुरूड, अलिबाग या पट्ट्यात नारळ-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या, आतल्या तालुक्यांतही झाडं पडली. वादळात जी झाडं पडतात त्यांचा प्रश्न तिथेच मिटतो. जी उभी राहतात, त्यांचा शेंडा पिळवटलेला असतो, कोवळ्या पानांच्या तळाशी चिरा गेलेल्या असतात आणि लगेच मागून मोसमी पाऊस येतो. त्यामुळे वादळानंतरचे दोन-तीन महिने उभ्या राहिलेल्या पामच्या शेंड्यावर लक्ष ठेवणं हे पडलेली झाडं उचलण्याइतकंच गरजेचं असतं.

जंतू जुना, ओळख शंभर वर्षांपूर्वीची

शेंडा कुजण्याच्या रोगाला कोकणात माडाच्या संदर्भात ‘कोंब कुजणे’ म्हणतात. त्याचा मुख्य कारक फायटोप्थोरा पाल्मिव्होरा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गोदावरीच्या त्रिभुज प्रदेशात ताडाची झाडं शेंडा कुजून मोठ्या संख्येने मरू लागली, तेव्हा बिहारमधल्या पुसा येथील संस्थेत काम करणाऱ्या एडविन बटलर या शास्त्रज्ञाने त्याचा अभ्यास केला. १९०७ मध्ये त्याने या जंतूचं वर्णन केलं आणि १९१९ मध्ये त्याला आजचं नाव दिलं. गंमत म्हणजे, आज महाराष्ट्रातल्या नर्सऱ्यांमध्ये येणारी शोभेची बरीच झाडं त्याच गोदावरीच्या काठावरून, राजमहेंद्रीजवळच्या कडियममधून ट्रक भरून येतात. याचा अर्थ रोग तिथूनच येतो असा नाही. हा जंतू कोकणातल्या मातीत आणि वाड्यांमध्ये आधीपासून आहे. पण नवं झाड घेताना त्याचा शेंडा बघून घ्यावा, एवढं त्यातून नक्की समजावं.

फायटोप्थोराबद्दलची कामाची गोष्ट अशी: तो बुरशीसारखा दिसतो, वागतो, पण खरी बुरशी नाही. पाण्यात पोहू शकणारे बीजाणू तयार करणाऱ्या वेगळ्याच गटातला हा जीव आहे. पावसाच्या थेंबाबरोबर ते बीजाणू उडतात, बेचक्यात साचलेल्या पाण्यातून पोहत कोवळ्या भागापर्यंत पोचतात. आणि खरी बुरशी नसल्यामुळे कार्बेन्डाझिम, म्हणजे दुकानात बाविस्टिन या नावाने मिळणारं औषध, त्याच्यावर चालत नाही. घरोघरी सगळ्या कुजण्यावर हेच औषध वापरलं जातं आणि ‘औषध मारलं होतं, तरी गेलं’ या तक्रारीमागे पुष्कळदा हे कारण असतं.

आधी कोणतं पान बिघडलं?

निदानाची सुरुवात या एका प्रश्नाने करावी. बाकीच्या खुणा नंतर.

नवी, मधली सुरळी आधी बिघडली आणि जुन्या झावळ्या ठीक आहेत, तर दोष शेंड्यात आहे. खालच्या जुन्या झावळ्या आधी पिवळ्या पडून लोंबू लागल्या आणि शेंडा हिरवा आहे, तर दोष मुळात, बुंध्यात किंवा खतात आहे. एवढ्यावरच अर्धं निदान होतं.

दोष शेंड्यात वाटत असेल तर सुरळी हलक्या हाताने वर ओढावी. निरोगी सुरळी हलतही नाही. सैल होऊन वर आली तर तिचं खालचं टोक नीट बघावं. पाणचट, तपकिरी, दुर्गंधी येणारा लगदा असेल तर कोंब कुजला आहे. टोकाला चघळलेल्या तंतूंचा भुसा असेल आणि उघडलेल्या झावळ्या कात्रीने त्रिकोणी कापल्यासारख्या दिसत असतील, तर तो गेंड्या भुंगा. हा भुंगा शेणखताच्या आणि कुजक्या पालापाचोळ्याच्या ढिगात वाढतो, रात्री उडत येतो आणि शेंड्यात भोक पाडून रस शोषतो. झाड तो एकटा क्वचितच मारतो. पण त्याने केलेल्या जखमेतून कुजणं आत शिरतं आणि त्या वासावर सोंड्या भुंगा येतो.

सोंड्या भुंगा हा यातला खरा दरोडेखोर. तांबूस रंगाचा, लांब सोंडेचा. त्याच्या अळ्या खोडाच्या आत राहून गाभा पोखरतात. खोडावर लहान भोकं, त्यातून तपकिरी चिकट स्राव आणि बाहेर आलेला भुसा दिसतो. शांत वेळी खोडाला कान लावला तर आत कुरतडल्याचा आवाजही येतो. बरेचदा हे काहीच लक्षात येत नाही आणि एके दिवशी सगळा शेंडा एका बाजूला कलंडतो. तेव्हा उशीर झालेला असतो.

सुरळी घट्ट आहे, वास नाही, पण नवी पानं आखूड, चुरगळलेली, टोकाला आकड्यासारखी वळलेली येत आहेत? हे बहुधा बोरॉनच्या कमतरतेचं लक्षण. नवी पानं वाळल्यासारखी, फाटकी, विस्कटलेली येत असतील तर मँगेनीज कमी पडतं आहे. यात कुजण्यासारखं काही नाही, बुरशीनाशक ओतून फायदाही नाही. फक्त बोरॅक्स अंदाजाने घालू नये, कारण कमतरता आणि विषबाधा यांत फार थोडं अंतर असतं.

आता जुन्या पानांकडे. खालच्या झावळ्यांवर नारिंगी-पिवळे ठिपके आणि करपलेली टोकं ही पालाश कमी असल्याची खूण. अशा झावळ्या ‘घाण दिसतात’ म्हणून कापल्या जातात, पण झाड त्यांच्यातलं उरलंसुरलं पालाश काढून नव्या पानांना देत असतं. ती कापली की झाड वरच्या पानांतून ते ओढायला लागतं. पूर्ण वाळेपर्यंत त्या ठेवलेल्या बऱ्या.

बुंध्याशी, जमिनीपासून दोन-तीन फुटांच्या आत, लाकडासारखं टणक, तपकिरी, वरून लाखेसारखं चकाकणारं अर्धगोल भूछत्र उगवलं असेल तर ते गॅनोडर्मा. तमिळनाडूत १९५२ मध्ये नारळावर याच रोगाची नोंद झाली आणि त्याला तंजावरचं नाव चिकटलं. ही बुरशी मुळांतून शिरून बुंधा आतून कुजवते. भूछत्र दिसतं तेव्हा आतला बराचसा भाग गेलेला असतो. खोडावर ठोकून पाहिलं तर पोकळ आवाज येतो.

खोडाच्या मध्यावर भेगेतून तांबडा-तपकिरी द्रव पाझरून सुकल्यावर काळा डाग पडत असेल तर तो खोडातून डिंक गळण्याचा रोग, थिलाव्हिऑप्सिस या बुरशीमुळे होणारा. लवकर सापडला तर आटोक्यात येतो.

एक अपवाद मात्र लक्षात ठेवायला हवा. भेरली माड, म्हणजे बागांमध्ये फिशटेल पाम म्हणून लावलं जाणारं कोकणातलंच झाड, आयुष्यात एकदाच फुलोऱ्याला येतं. पहिली पोय वर शेंड्याजवळ निघते, मग काही वर्षांत एकेक खाली खाली. शेवटची फळं झाली की ते खोड मरतं. हा रोग नाही, झाडाचा स्वभाव आहे. अशा म्हाताऱ्या भेरली माडावर औषधं फवारणारे लोक दरवर्षी सापडतात.

कोंब कुजला आहे, आता काय?

पहिलं काम, वेळ न घालवणं. सुरळी नुकतीच सैल झाली असेल आणि आतला गाभा शिल्लक असेल तरच उपचाराला अर्थ आहे.

कुजलेली सुरळी आणि तिच्याभोवतीचा मऊ पडलेला भाग धारदार, स्वच्छ कोयत्याने किंवा सुरीने पांढरा, टणक, निरोगी भाग लागेपर्यंत कापून काढावा. काप तिरका द्यावा म्हणजे पाणी साचणार नाही. कापलेला भाग बागेत किंवा खताच्या खड्ड्यात टाकू नये, जाळावा किंवा लांब खोल पुरावा. हत्यार पुढच्या झाडाला लावण्याआधी स्पिरिटने पुसावं. नंतर कापलेल्या जागी १० टक्के बोर्डो मलम लावावा. आणि शेवटी, जे हमखास विसरलं जातं, वरून पाऊस आत जाणार नाही असं झाकण बांधावं. प्लॅस्टिकचा कागद तंबूसारखा, कडेने हवा खेळेल असा बांधला तरी चालतो. नवा निरोगी कोंब वर येईपर्यंत हे झाकण राहू द्यावं.

हे नारळात जमतं, कारण त्याचा शेंडा वरून उघडा करता येतो. रॉयल, फॉक्सटेल, बॉटल पाम यांच्यात पानांचे देठ एकमेकांवर गुंडाळून हिरवा, गुळगुळीत खांब तयार होतो आणि गाभा त्याच्या आत असतो. तो खांब बाजूने चिरणं म्हणजे झाड मारणंच. तिथे सुरळी ओढून काढावी, पोकळीतला लगदा जमेल तेवढा स्वच्छ करावा आणि आत औषधाचं द्रावण ओतावं. कॉपर ऑक्सिक्लोराइड लिटरला ३ ग्रॅम, किंवा मेटॅलॅक्झिल आणि मँकोझेब यांचं मिश्रण लिटरला २ ग्रॅम. यातलं दुसरं औषध झाडात शिरून काम करतं आणि फायटोप्थोराच्या गटावर खास लागू पडतं. दोन आठवड्यांनी पुन्हा एकदा द्यावं. तांब्याची औषधं मात्र त्याच पोकळीत वारंवार ओतू नयेत. कोवळ्या गाभ्यात तांबं साचलं तर तेच त्याला जाळतं.

त्यानंतर वाट पाहायची. नवी सुरळी यायला तीन-चार महिने, कधी त्याहून जास्त लागतात. पहिली एक-दोन पानं आखूड, वेडीवाकडी, अर्धी कुजलेली निघतात, त्यामुळे घाबरून जाऊ नये. तिसरं-चौथं पान सरळ आलं की झाड वाचलं. सहा-आठ महिन्यांत काहीच वर आलं नाही तर ते गेलं असं समजावं, मग बाजूच्या झावळ्या कितीही हिरव्या असोत.

बोर्डो घरी कसं करायचं

बोर्डो मिश्रण फ्रान्समधल्या बोर्डो भागातल्या द्राक्षबागांमधून आलं. मिलार्दे या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८८५ मध्ये ते जगासमोर ठेवलं. आज कोकणात पोफळीच्या कोळेरोगावर पावसाआधी जे निळं पाणी फवारलं जातं, ते हेच. कोळेरोग हाही फायटोप्थोराच्याच कुळातला, त्यामुळे वाडी असलेल्या शेजाऱ्याला हे मिश्रण करता येत असतं. बागेच्या मालकाने त्याच्याकडून एकदा शिकून घेतलं तर इंटरनेटवर शोधण्याची गरज उरणार नाही.

१ टक्का मिश्रणासाठी १०० ग्रॅम मोरचूद ५ लिटर पाण्यात आणि १०० ग्रॅम कळीचा चुना दुसऱ्या ५ लिटर पाण्यात वेगवेगळे विरघळवावेत. भांडी प्लॅस्टिकची किंवा मातीची हवीत, लोखंडी-पत्र्याची अजिबात नकोत. कळीचा चुना भिजवताना उकळल्यासारखा तापतो, म्हणून आधी थोड्या पाण्यात फोडून, निवल्यावर बाकीचं पाणी घालावं. मग मोरचुदाचं पाणी चुन्याच्या पाण्यात ढवळत ढवळत ओतावं. आकाशी रंग येतो. तयार मिश्रणात स्वच्छ, घासलेला लोखंडी विळा मिनिटभर बुडवून पाहावा. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला आहे. आणखी थोडी निवळी घालून पुन्हा पाहावं. ही परीक्षा टाळून फवारलं तर मोकळं राहिलेलं तांबं पानं जाळतं. मिश्रण त्याच दिवशी संपवावं.

मलमासाठी प्रमाण तेच, फक्त पाणी कमी: १०० ग्रॅम मोरचूद अर्ध्या लिटरमध्ये आणि १०० ग्रॅम चुना अर्ध्या लिटरमध्ये.

हातमोजे, मास्क आणि डोळ्यांवर चष्मा लागतोच. बागेत माशांचं तळं असेल तर ते आधी झाकावं, तांबं माशांना विषारी आहे.

बाकीच्या रोगांवर

गेंड्या भुंग्यासाठी लोखंडी आकड्याने भुंगा ओढून काढतात. पुढे येऊ नये म्हणून वरच्या तीन झावळ्यांच्या बेचक्यात २५० ग्रॅम निंबोळी पेंड आणि तेवढीच वाळू मिसळून भरावी, वर्षातून तीनदा. हे प्रमाण मोठ्या नारळासाठीचं आहे, लहान पामला त्या मानाने मूठ-दोन मुठी पुरेत. शेणखताचा ढीग पामच्या रांगेपासून लांब न्यावा, हे त्याहून महत्त्वाचं.

डिंक गळणाऱ्या खोडावरचा कुजका भाग छिन्नीने खरवडून बोर्डो मलम लावावा. गॅनोडर्मावर खात्रीचा इलाज नाही. नारळाच्या बागेत निंबोळी पेंड, ट्रायकोडर्मा आणि झाडाभोवती मीटरभर खोल चर अशा उपायांनी तो पसरणं रोखतात. बागेत एखाद-दुसरं झाड असेल तर ते बुंध्या-मुळांसकट काढावं आणि त्याच जागी पुन्हा कोणताही पाम लावू नये, बुरशी मातीत उरलेल्या मुळांवर टिकून राहते. ट्रायकोडर्मा वापरायचं तर ते आणि तांब्याचं औषध एकाच वेळी देऊ नये. ट्रायकोडर्मा ही जिवंत बुरशीच आहे, ती आधी मरेल.

सोशल मीडियावर फिरणारे उपाय पुष्कळ आहेत. हायड्रोजन पेरॉक्साइड ओतलं की शेंड्यातून फेस येतो आणि व्हिडिओत ते फार परिणामकारक दिसतं. पण निरोगी-रोगट कुठल्याही चिरडलेल्या पेशींवर ते टाकलं तरी फेस येतोच, त्यावरून जंतू मेला असं ठरत नाही. माडाला मीठ घालण्याची पद्धत कोकणात जुनी आहे. नारळ खारेपणा सोसतो म्हणून त्याला ते चालतं, फॉक्सटेल किंवा अरेकाच्या आळ्यात मूठभर मीठ टाकणं म्हणजे मुळांना चटका देणं.

पावसाआधीची दोन कामं

उपचारापेक्षा मे महिना जास्त उपयोगी. मेच्या अखेरीस सगळ्या पामच्या शेंड्यावर आणि बेचक्यांत १ टक्का बोर्डो फवारावं. द्रावणात चिकट पदार्थ मिसळावा, नाहीतर पहिल्या सरीतच धुऊन जातं. पावसाने उघडीप दिली की दीड महिन्याने दुसरी फवारणी. शिवाय मँकोझेबची २ ग्रॅमची बारीक भोकं पाडलेली पुडी बेचक्यात बांधून ठेवतात. पाऊस पडेल तसं थोडं थोडं औषध झिरपतं. एकदा एका झाडाचा कोंब कुजला असेल तर रांगेतल्या बाकीच्या झाडांना आणि शेजारच्या माडांनाही ही फवारणी हवी, कारण हा जंतू शोभेचं झाड आणि उत्पन्नाचं झाड असा भेद करत नाही. बंगल्यातल्या मरू घातलेल्या पामकडे दुर्लक्ष केलं तर नुकसान कुंपणापलीकडच्या वाडीवाल्याचंही होऊ शकतं.

दुसरं काम पाण्याचं. खड्डा खणून त्यात बादलीभर पाणी ओतावं. दुसऱ्या दिवशीही पाणी तसंच असेल तर त्या जागी पाम खड्ड्यात लावू नये, दीड-दोन फुटांचा उंचवटा करून त्यावर लावावा आणि बाजूने चर काढून पाणी बाहेर घालवावं. झाड नर्सरीच्या पिशवीत जितकं खोल होतं तितकंच खोल ठेवावं, बुंध्यावर माती चढवू नये. हिरव्या झावळ्या छाटून शेंड्यावर फक्त चार पानं ठेवण्याची फॅशन पावसाळ्याच्या तोंडावर तर टाळावीच. प्रत्येक हिरवा काप ही ओली जखम असते.

कुणाला विचारायचं, आणि झाड काढायचं झालं तर

रायगड जिल्ह्याचं कृषी विज्ञान केंद्र रोह्याजवळ किल्ला इथे आहे. ते दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाच्या अखत्यारीत येतं. नमुना नेताना पूर्ण कुजलेला लगदा नेऊन उपयोग नसतो, त्यात मागाहून शिरलेले जिवाणूच जास्त असतात. निरोगी आणि रोगट भागाच्या सीमेवरचा तुकडा कापून, वर्तमानपत्रात गुंडाळून त्याच दिवशी न्यावा. प्लॅस्टिकच्या पिशवीत तो वाटेतच सडतो. सोबत संपूर्ण झाडाचा, शेंड्याचा आणि बुंध्याचा असे तीन फोटो असले की बोलणं सोपं जातं.

गॅनोडर्माने किंवा सोंड्या भुंग्याने पोखरलेला उंच रॉयल पाम मात्र नुसता कुरूप नसतो, धोकादायक असतो. घरावर, विजेच्या तारांवर किंवा गाडी लावायच्या जागेवर तो झुकत असेल तर पावसाच्या आधीच उतरवावा. त्यावर माणूस चढवू नये, आतून पोकळ खोड वजन पेलेलच असं नाही. पेण आणि रोहा या दोन्ही गावांत नगर परिषद आहे आणि शहरी हद्दीतल्या झाडांना १९७५ चा वृक्ष जतन कायदा लागू होतो. त्यामुळे झाड खासगी आवारातलं असलं तरी तोडण्याआधी नगर परिषदेत अर्ज द्यावा. अर्जासोबत बुंध्यावरच्या भूछत्राचा किंवा कललेल्या शेंड्याचा फोटो जोडावा.